पेशी आपले लिहिलेले पुसते

बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, ही समजूत आमच्या वसईत कित्येक घरांत अजून पाळली जाते. बाळाच्या उशाशी कोरा कागद ठेवतात, लेखणी ठेवतात. त्या रीतीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते सटवाईच्या जागी रेणू बसवणाऱ्या नव्या भाषेशी. ‘आईच्या पोटात असतानाच बाळाच्या डीएनएवर मिथाइलचे शिक्के उमटतात, ते जन्मभर टिकतात आणि पुढच्या पिढ्यांतही उतरतात’ हे विधान आता व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, गर्भसंस्काराच्या वर्गांच्या पत्रकांत बिनदिक्कत केले जाते. होळी बाजारात औषधाच्या दुकानासमोर चाललेल्या गप्पांतही ते माझ्या कानावर आले आहे. बोलणारी माणसे शिकलेली असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो: गरोदर बाईने नीट खावे, विश्रांती घ्यावी. हेतूला माझा नमस्कार. मताला मात्र विरोध आहे.

कारण या मताची किंमत कोणालातरी मोजावी लागते. वसईची होळी आणि मोखाड्याचे पाडे एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. अर्धपोटी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाविषयी ‘त्याच्या जनुकांवर शिक्का बसून गेला आहे’ असे एकदा ठरवले, की त्या मुलाच्या ताटात आज काय पडते हा प्रश्न आपोआप दुय्यम होतो. शास्त्राच्या नावाने दिलेला असा निकाल खरा असता तर तो सोसावा लागला असता. तो खरा नाही. का नाही, हे वाचकांपुढे मांडतो. न्याय त्यांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षराला पेशी एक लहानसा मिथाइल गट जोडते: एक कार्बन, तीन हायड्रोजन. प्राण्यांत ही खूण मुख्यतः सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन असेल तिथे बसते. माणसाच्या जनुकसंचात अशा सुमारे 2 कोटी 80 लाख जागा आहेत आणि बहुतेक पेशींत त्यांपैकी 60 ते 80 टक्के जागांवर खूण असते. जनुकाच्या आरंभस्थानी खुणा दाट असल्या की ते जनुक सहसा गप्प राहते. यकृताची पेशी यकृताचीच राहते, ती मेंदूची भाषा बोलू लागत नाही, यात या खुणांचा मोठा वाटा आहे. 1975 साली रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी, आणि स्वतंत्रपणे आर्थर रिग्ज यांनी, एक देखणी कल्पना मांडली. पेशी विभागताना डीएनएचा नवा धागा कोरा तयार होतो. पण जुन्या धाग्यावरच्या खुणा वाचून नव्या धाग्यावर समोरासमोर तशाच खुणा उमटवणारे एंझाइम असेल, तर पेशीची ओळख पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. पुढे तसे एंझाइम सापडले. त्याचे नाव डीएनएमटी-1. कल्पना खरी ठरली.

पूर्वपक्षाचा दुसरा आधार रसायनशास्त्राचा आहे. मिथाइल गट सायटोसिनच्या कड्याला ज्या बंधाने जोडलेला असतो तो कार्बन-कार्बन बंध. तो अतिशय बळकट असतो. तो थेट तोडून मिथाइल तेवढा उपटून काढणे पेशीला परवडणारे नाही, हा आक्षेप चुकीचा नव्हता. 1999 मध्ये मोशे झिफ यांच्या गटाने असे थेट काम करणारे प्रथिन सापडल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले, पण इतर प्रयोगशाळांना तो निष्कर्ष पुन्हा मिळवता आला नाही. संशय बळावला, आणि बळावणे योग्यच होते. राहता राहिला एकच मार्ग. डीएनएमटी-1 ला कामावरून दूर ठेवा आणि पेशी विभागू द्या. दर विभागणीत खुणा निम्म्या होत जातील. याला निष्क्रिय क्षय म्हणतात. तोही खरा आहे. रक्ताच्या काही विकारांत दिले जाणारे अॅझासायटिडिन हे औषध डीएनएमटी-1 ला असेच अडकवून ठेवते आणि खुणा विरळ करते.

तिसरा आधार सर्वांत परिणामकारक, कारण त्यात माणसे आहेत. 1944-45 च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम नेदरलँड्सची अन्नाची वाट रोखली. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली अशा 60 जणांचे रक्त सहा दशकांनंतर तपासले गेले आणि त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिले गेले. आयजीएफ-2 या वाढीशी संबंधित जनुकावर मिथाइलच्या खुणा भावंडांपेक्षा कमी निघाल्या. बास हेइमान्स यांच्या गटाचा हा शोधनिबंध 2008 चा. साठ वर्षे टिकलेली खूण! यापेक्षा कायमचा शिक्का आणखी कोणता हवा, असे पूर्वपक्ष विचारतो.

प्रश्न वजनदार आहे. उत्तर त्याहून वजनदार आहे.

रसायनाच्या आक्षेपापासून सुरुवात करू. बंध तोडता येत नाही, हे मान्य. पण खूण घालवायला तो बंध तोडलाच पाहिजे, असे कोणी सांगितले? पेशीने वेगळाच मार्ग काढला. ती मिथाइल उपटत नाही. मिथाइल लागलेले अख्खे अक्षरच कापून टाकते आणि त्या जागी कोरे सायटोसिन बसवते. डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा पेशीत जन्मजात असते. बिघडलेले अक्षर ओळखून कापणारी, तुटलेल्या जागी नवे भरणारी आणि सांधा जोडणारी एंझाइमे तिथे रोज राबत असतात. तीच यंत्रणा खूण पुसायला वापरली जाते.

वनस्पतींत हे 2002 मध्ये उघड झाले. अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा झाडात आरओएस-1 आणि डिमीटर ही दोन प्रथिने सापडली. ती मिथाइल लागलेले सायटोसिन सरळ ओळखतात आणि कापतात. मधली पायरी नाही, पेशी विभागण्याची वाट पाहणे नाही. दरवेळी डीएनएचा धागा क्षणभर तुटतो, ही जोखीम आहे. तरीही झाडाने ती पत्करली. जी गोष्ट कधी करायचीच नाही, तिच्यासाठी कोणती सजीव जात स्वतःच्या डीएनएला कापणारी एंझाइमे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवील?

प्राण्यांत वाट अधिक वळणाची निघाली. 2009 मध्ये ‘सायन्स’मध्ये दोन शोधनिबंध शेजारी-शेजारी आले. एकात अंजना राव यांच्या गटाने टेट-1 हे प्रथिन मिथाइलवर ऑक्सिजन चढवते असे दाखवले. दुसऱ्यात स्किर्मंटास क्रियाउचोनिस आणि नॅथॅनियल हाइन्ट्झ यांनी उंदराच्या लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशींत असे ऑक्सिजन चढलेले सायटोसिन प्रत्यक्ष मोजून दाखवले. तिथे ते मिथाइल सायटोसिनच्या सुमारे 40 टक्के इतके भरले. 2011 मध्ये पुढच्या पायऱ्या उलगडल्या. टेट कुळातली प्रथिने त्याच जागी आणखी दोनदा ऑक्सिजन चढवतात. अशा बदललेल्या सायटोसिनला पेशीचे टीडीजी हे दुरुस्ती-एंझाइम परके मानते, कापते, आणि कोरे सायटोसिन आत येते. थेट कापणारी वनस्पती आणि आधी अक्षराचे रूप पालटून मग कापणारा प्राणी, दोघांची पद्धत वेगळी, काम एकच. बळकट बंधाचा आक्षेप इथे संपतो. तो खोटा ठरला नाही. तो गैरलागू ठरला.

यावर एक सावध वाचक म्हणेल: यंत्र आहे हे कबूल, पण ते नियमनासाठी खरोखर वापरले जाते, की अपघाताने कधीतरी चालते? या प्रश्नाचा निवाडा करणारी कसोटी सोपी आहे. जी पेशी विभागतच नाही तिच्याकडे पाहा. खूण केवळ विभागणीनेच विरळ होत असेल, तर न विभागणाऱ्या पेशीत ती हलता कामा नये.

ती हलते. 2003 मध्ये डेनिस ब्रुनिकेल आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी उंदराच्या टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, चेतवून पाहिले. इंटरल्यूकिन-2 या जनुकाच्या नियंत्रक भागावरच्या मिथाइल खुणा वीस मिनिटांत जाऊ लागल्या. वीस मिनिटे! डीएनएची नक्कल सुरूही झालेली नव्हती. त्यानंतर ते जनुक जोमाने बोलू लागले. जंतू शरीरात शिरल्यावर प्रतिकारपेशीला पहिल्या तासात जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांना विभागणीची वाट पाहण्याइतकी सवड नसते. निष्क्रिय क्षय हेच एकमेव उत्तर मानणाऱ्यांनी या वीस मिनिटांचा हिशोब द्यावा.

मेंदूचा पुरावा याच जातीचा आहे. प्रौढ मेंदूतल्या पक्व चेतापेशी विभागत नाहीत. 2011 मध्ये प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या पेशींना विजेच्या झटक्याने एकाच वेळी चेतवले गेले. चार तासांत तपासलेल्या जागांपैकी सुमारे 1.4 टक्के जागांवरची मिथाइलची स्थिती बदललेली आढळली: कुठे खूण गेली, कुठे नवी बसली. आकडा लहान वाटतो. पण लक्षावधी जागांमध्ये तो हजारोंत जातो, आणि तोही न विभागणाऱ्या पेशींत. इथे एक गोष्ट आमच्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही सांगायला हवी. चेतापेशींत दिसणारे ऑक्सिजन चढलेले प्रत्येक सायटोसिन पुसले जाण्याच्या वाटेवर असते असे नाही. पुष्कळ वेळा ते तसेच दीर्घकाळ राहते आणि त्याचे स्वतःचे काम असावे. वाटेवरच्या प्रत्येक थांब्याला मुक्काम समजू नये, तसे मुक्कामाला थांबाही समजू नये.

आणि फलित अंडे? 2000 साली उंदरात दिसून आले की शुक्रपेशीकडून आलेल्या गुणसूत्रांवरच्या मिथाइल खुणा फलनानंतर काही तासांतच, पहिली नक्कल होण्याआधी, मोठ्या प्रमाणात नाहीशा होतात. ते काम टेट-3 किती करते आणि दुसरी कोणती यंत्रणा किती, यावर संशोधकांत आजही मतभेद आहेत. त्याच अंड्यात आईकडून आलेल्या गुणसूत्रांवरच्या खुणा मात्र बव्हंशी विभागणीगणिक विरळ होत जातात. म्हणजे एकाच पेशीत, एकाच वेळी, दोन्ही मार्ग. पूर्वपक्षाचा निष्क्रिय क्षय नाकारण्याची मला गरजच नाही. नाकारायचा आहे तो त्याच्यापुढे लावलेला ‘फक्त’.

आता फळांकडे येतो, कारण इथे पुरावा प्रयोगशाळेतून निघून थेट बाजारात उभा राहतो. नारायणगावच्या बाजारातून निघालेला टोमॅटो होळी बाजारातल्या टोपलीत हिरवट पोहोचतो आणि दोन-चार दिवसांत लाल होतो. या फळात पेशींची विभागणी केव्हाच थांबलेली असते. ते फुगते ते पेशी मोठ्या झाल्याने. तरीही पिकताना त्याच्या जनुकसंचातल्या हजारो जागांवरच्या मिथाइल खुणा जातात. 2013 मध्ये संशोधकांनी कच्च्या टोमॅटोत खुणा रोखणारे रसायन टोचले; टोचलेला भाग वेळेआधी पिकला. 2015 मध्ये खुणा पुसणारे एंझाइम निश्चित झाले, टोमॅटोतले डीएमएल-2, आरओएस-1 च्याच कुळातले. ते दाबले की पिकणे अडते. 2017 मध्ये ते जनुक पूर्ण निकामी करून पाहिले, आणि फळ नीट पिकलेच नाही. रंग, मऊपणा, फळ पिकवणारा इथिलीन वायू, सगळे अडून बसले. न विभागणाऱ्या पेशी, पुसणारे एंझाइम, ते काढले की थांबलेली प्रक्रिया. याहून सरळ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो.

इथे वसईची केळी पुरावा म्हणून पुढे करण्याचा मोह मोठा आहे. राजेळीचा घड, तिची सुकेळी, हा आमच्या पट्ट्याचा अभिमान. आणि केळेही इथिलीननेच पिकते. पण तो पुरावा मी देणार नाही. 2018 मध्ये अनेक फळांचा तौलनिक अभ्यास ‘नेचर प्लांट्स’मध्ये आला. त्यातून निघाले की निरनिराळ्या फळांनी इथिलीनने पिकण्याची वाट स्वतंत्रपणे शोधली, आणि पिकण्याच्या जनुकांना आवरून धरण्याचे सर्वसाधारण काम विशेषतः डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनावरची एक वेगळी खूण करते. टोमॅटोत जे ठरले ते केळ्यावर लादणे म्हणजे पूर्वपक्षाचीच चूक उलट्या बाजूने करणे. गोड संत्र्याची गोष्ट तर आणखी उलटी. 2019 मध्ये दाखवले गेले की संत्रे वाढताना आणि पिकताना त्याच्या डीएनएवरचे मिथाइल कमी होत नाही, एकंदरीने वाढते; पुसणाऱ्या एंझाइमांची जनुकेच मंदावतात.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. कारण ‘मिथाइल म्हणजे बंद, मिथाइल गेले म्हणजे सुरू’ हे सुटसुटीत सूत्रही त्याच प्रचलित मताचे भावंड आहे. टोमॅटोतल्या 2017 च्या त्याच प्रयोगात आढळले की खुणा पुसल्यामुळे शेकडो जनुके सुरू होतात, तशी शेकडो बंदही होतात. आणि आरओएस-1 या पुसणाऱ्या प्रथिनाचे स्वतःचे जनुक तर मिथाइल वाढले की अधिक जोरात बोलते. त्याच्या आरंभस्थानाशी एक छोटा भाग असा आहे की तिथे खूण बसली की पुसणारे वाढते, खूण गेली की पुसणारे घटते. झाड आपल्या खुणांची पातळी अशा रीतीने स्वतःच राखते. लिहिणारा वाढला की पुसणाराही जागा होतो. अशी सोय ज्या व्यवस्थेत आहे तिला एकदाच उमटणारा शिक्का म्हणायचे?

राहिला डच हिवाळा. तो शोध मला खोटा म्हणायचा नाही. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, एवढेच म्हणायचे आहे. फरक एका जनुकापुरता मोजला होता, आणि तो सुमारे पाच टक्क्यांचा होता. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्यांच्या आयांनी उपास सोसले त्यांच्यात तो ठळकपणे आढळला नाही. पण मुख्य दोष तर्कात आहे. खूण साठ वर्षे राहिली याचा अर्थ ती पुसता येत नाही असा होत नाही. ती पुसली गेली नाही, एवढाच होतो. या दोहोंतले अंतर पूर्वपक्ष एका उडीत पार करतो.

ते अंतर किती मोठे आहे, हे त्याच पक्षाच्या आवडत्या दुसऱ्या प्रयोगाने दाखवले आहे. मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटांनी 2004 मध्ये उंदीर-मातांवर केलेला प्रयोग गर्भसंस्काराच्या चर्चेत हटकून येतो. जी आई पिलांना जास्त चाटते तिच्या पिलांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जनुकावर मिथाइल कमी राहते, आणि पिले मोठेपणी ताण अधिक चांगला सोसतात. हे सगळे पहिल्या आठवड्यात ठरते, म्हणून ते कायमचे, असे सांगितले जाते. त्याच शोधनिबंधातला पुढचा भाग कोणी का सांगत नाही? दुर्लक्षिलेली पिले मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूत ट्रायकोस्टॅटिन-ए हे औषध सोडले गेले, आणि मिथाइलमधला तो फरकही गेला, ताण सोसण्यातलाही. ज्या पुराव्यावर ‘कायमचा शिक्का’ उभा केला जातो, त्याच पुराव्याने तो पाडला आहे. पूर्वपक्षाने निबंध अर्धाच वाचला.

पुण्याचे काम तर आमच्या घरचे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथे बाळांचे सरासरी वजन जेमतेम 2.7 किलो होते. बाळे बारीक, पण त्या मानाने चरबी राखलेली. साठ टक्क्यांहून अधिक आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झाले की ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक अवरोध आढळला. बी-12 आणि फोलेट दोन्ही मिथाइल गटाच्या पुरवठ्यात लागतात, त्यामुळे हे काम मिथाइलच्या चर्चेत येणे स्वाभाविक आहे. पण पुण्याच्या मंडळींनी यावरून काय ठरवले? मुलांचे नशीब लिहून झाले, असे म्हणून त्यांनी वही मिटली का? नाही. तीच मुले किशोरवयात आल्यावर, त्यांच्या पुढच्या पिढीच्या गर्भधारणेआधी, त्यांना बी-12 आणि इतर पोषकद्रव्ये देण्याचा ‘प्रिया’ नावाचा प्रयोग त्यांनी 2012 मध्ये सुरू केला. 2018 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतील गिरिराज चांडक यांच्या गटासह प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर बी-12 दिल्यानंतर मधुमेहाशी निगडित काही जनुकांवरच्या मिथाइलची स्थिती बदललेली आढळली. ती पाहणी लहान होती आणि रक्तात अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते, म्हणून तिच्यावर मी मोठी इमारत उभारत नाही. तरी एवढे तर दिसतेच की ज्यांच्या कामाचा दाखला देऊन ‘पोटातच सगळे ठरते’ असे सांगितले जाते, त्यांचे स्वतःचे काम मात्र बदल शक्य आहे या गृहीतावर चालले आहे.

‘पुढच्या पिढ्यांत उतरते’ या दाव्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. सस्तन प्राण्यांत खुणांची मोठी पुसणी दोनदा होते. एक फलनानंतर, दुसरी गर्भात पुढच्या पिढीची बीजपेशी घडत असताना. ही दुसरी पुसणी विलक्षण आहे. 2015 मध्ये अझीम सुरानी यांच्या आणि इतर गटांनी मानवी गर्भातील बीजपेशी तपासल्या, तेव्हा एरवी सत्तर-ऐंशी टक्के जागांवर असणारी खूण तिथे पाच टक्क्यांच्या आसपास उतरलेली होती. आई-वडिलांपैकी कोणाकडून जनुक आले हे सांगणाऱ्या खास खुणा पहिल्या पुसणीतून वाचतात, पण दुसरीतून वाचत नाहीत. काही फिरत्या डीएनए-तुकड्यांवरच्या खुणा दोन्हींतून निसटतात. अपवाद आहेत, म्हणून शोध चालू आहे. पण अपवादाला नियम म्हणून पत्रकात छापणे हा अन्याय आहे. वनस्पतींत मात्र अशी सर्वंकष पुसणी होत नाही आणि खुणा खरोखर पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. टोमॅटोची न पिकणारी एक जात अशाच खुणेमुळे झालेली आहे. झाडाचा पुरावा माणसाच्या माथी मारू नये.

शेवटी, पुसण्याचे महत्त्व अजून कोणाला पटत नसेल तर पुसणारे नाहीसे झाल्यावर काय होते ते पाहावे. टेट कुळातली तिन्ही प्रथिने नसलेला उंदराचा गर्भ शरीराचे मूळ थर रचण्याच्या टप्प्यावरच कोलमडतो. टीडीजी नसेल तर तो पोटातच मरतो. माणसात टेट-2 च्या जनुकातील बिघाड रक्ताच्या अनेक कर्करोगांत वारंवार सापडतो, हे 2009 पासून ज्ञात आहे. मेंदूच्या आणि रक्ताच्या काही कर्करोगांत आयडीएच हे वेगळेच जनुक बिघडते. त्यातून तयार होणारे एक द्रव्य टेटचे काम अडवते, आणि मिथाइल साचत जाते. पुसणे हा जर पेशीचा किरकोळ उद्योग असता, तर तो बंद पडल्यावर गर्भ का मरतो, रक्त का बिघडते?

दुसऱ्या बाजूच्या विक्रेत्यांनी मात्र या लेखाचा आधार घेऊ नये. टेट प्रथिनांना लोह लागते, ऑक्सिजन लागतो, अन्नातून ऊर्जा काढताना पेशीत तयार होणारे अल्फा-कीटोग्लुटारेट लागते, आणि क जीवनसत्त्वाने त्यांचे काम वाढते. हे सगळे सिद्ध आहे. 2019 मध्ये गाभण उंदरांना क जीवनसत्त्व कमी पडले तेव्हा पोटातल्या पिलांच्या बीजपेशींत पुसणी अपुरी राहिल्याचेही दिसले. पण यावरून ‘आमच्या गोळ्या घ्या, जनुके जागी करा’ असे म्हणणे म्हणजे एका अतिशयोक्तीच्या जागी दुसरी बसवणे आहे. टेटला कोणत्या जागी जायचे हे जीवनसत्त्व सांगत नाही. ते पेशीची नियामक प्रथिने सांगतात. अख्ख्या जनुकसंचावरून सरसकट खुणा काढून टाकणे हितावह तर नाहीच, घातक आहे. अनेक कर्करोगांत एकूण मिथाइल घटलेलेच असते. पेशी जे करते ते निवडून करते.

म्हणून माझा निकाल असा: डीएनएवरची मिथाइलची खूण टिकाऊ आहे, कायमची नाही, ती पेशी स्वतः लिहिते आणि स्वतः पुसते, आणि गर्भात उमटलेल्या खुणेला मुलाचे भवितव्य म्हणण्याला आज पुराव्याचा आधार नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी माझ्या बाकी सगळ्या मुद्द्यांना बाजूला ठेवावे आणि फक्त टी-पेशीतल्या त्या वीस मिनिटांचे आणि न विभागता लाल होणाऱ्या टोमॅटोचे स्पष्टीकरण द्यावे. तोवर, वर्ग चालवणाऱ्यांना आणि लेख लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती की मोखाड्यातल्या आईला किंवा वसईतल्या सुनेला ‘आता जे व्हायचे ते होऊन गेले’ असे पुन्हा सांगू नका.